दोन्ही पक्षांचे जोडे

दोन जोडे. एक पांढरा, स्पोर्टचा. एक काळी चमकती मोजडी. मधात बोटभर जागा. स्टेजच्या पायरीपाशी, सतरंजीच्या काठाले लागून ठेवलेले. अन् त्याइच्यापाशी उभी मी. माझ्याच शाळेत. डी.एड. झालेली, एम.ए. झालेली, पहिलीच्या पोराइले बाराखडी शिकवता शिकवता केस पिकलेली बाई. अन् ड्युटी काय, तं जोडे राखणं.

"मैडम, ज़रा ध्यान रखिएगा. कोई इधर-उधर न कर दे," असं म्हणून संकुलाचे साहेब वर गेले. संकुल म्हणजे आमच्या आजूबाजूच्या शाळांचा गट. हे साहेब त्या गटाचे प्रमुख.

पांढरा जोडा सरकारवाल्या पक्षाच्या नेत्याचा. मोजडी विरोधी पक्षाच्या नेत्याची. एरवी हे दोघं एकमेकाच्या नावानं शिमगा करते. चौकात एकमेकाचे पुतळे जाळते. त्या दिवशी मात्र वर स्टेजवर गळ्यात गळा होता, अन् खाली जोडे एका रांगेत होते. दिवा लावायचा होता, सरस्वतीच्या फोटोपुढं. म्हणून जोडे काढलेले.

मी तिथं कशी उभी राह्यली ते सांगते. रडगाणं नाही सांगून राहिली. रडायचं ते रडून झालं.

आमची शाळा रायपूरच्या गुढियारीत, रेल्वेलाइनच्या अलीकडे. मी त्याच शाळेत शिकली. माझे बाबा भंडाऱ्याकडून रेल्वेत खलासी म्हणून आले अन् इथलेच झाले. घरात आमची हीच बोली, बाहेर हिंदी, अन् पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, छत्तीसगढी. माझा भाऊ मराठी समजते सारं, पण उत्तर देते हिंदीत. मी तशी नाही. मी ज्या भाषेत भांडते, त्याच भाषेत बोलते.

नोकरी लागली, इकडे तिकडे बदल्या झाल्या, अन् एक दिवस माझी बदली माझ्याच शाळेत झाली. आनंदानं गेली. जाऊन पाहते तं काय! माय वं, शाळा होती का कोंडवाडा! फरशी उखडलेली. एका वर्गात कुत्री व्यालेली. पोरं पटावर होते, वर्गात नव्हते. प्रधानपाठक, म्हणजे हेडमास्तर, खुर्चीत बसून पेपर वाचत होते. मले म्हणाले, "मैडम, यहाँ ज़्यादा दिल मत लगाइए. ये बच्चे टिकते नहीं."

मी दिल लावला.

पाऱ्यात गेली. दारोदार. आमच्या पाऱ्यातले माणसं मालधक्क्यावर हमाली करते. वॅगनमधून पोते उतरवते, ट्रकवर चढवते. बाया बांधकामावर रेजा म्हणून जाते नाही तं गोदामात सांडलेलं धान्य झाडते. त्यातलीच एक सुकवारा. तिची पोरगी रोशनी. शाळेत नाव होतं, पण आईच्या मागं झाडू घेऊन फिरे. मी सुकवाराले म्हटलं, "इसको भेज ना." ती म्हणाली, "भेजहूँ दीदी, फेर लइका मन बइठही कहाँ?" पोरं बसतील कुठं? बरोबर होतं तिचं. खड्ड्यात बसवायसाठी कोणी पोर पाठवते का?

मंग तेच लोक आले. ज्या रविवारी मालगाडी लागली नाही, त्या रविवारी. हमालांची एक रीत आहे. ओझं एकट्यानं वाहत नाही. रांग लावते अन् हातोहात पुढं देते, म्हणजे कोणाची कंबर मोडत नाही. तशीच रांग लागली, रस्त्यापासून वर्गापर्यंत. विटा, रेती, गोदामातली उरलेली सिमेंट. मीही रांगेत होती. माझ्या एका बाजूले सुकवारा, दुसऱ्या बाजूले तिचा नवरा. बायाइनं भिंती छुहीनं पोतल्या. छुही म्हणजे इथली पांढरी माती, सणाले घर त्यानंच पोतते. त्याइनं शाळा पोतली. फरशी ओली होती तं सुकवारानं तिच्या कडेले बोटानं एक फूल काढलं. वाळल्यावर ते तसंच राह्यलं.

पोरं आले. बसले. टिकले. रोशनी दुसरीतच तिसरीचं पुस्तक वाचे, अन् वाचता वाचता मान हलवे, जसं कोणी तिले गोष्ट सांगून राह्यलं. मी पाहत राहे. मले वाटे, बस, आणखी काय पाहिजे माणसाले.

मंग तो कायदा आला. सरकारी शाळा सुधारायचा कायदा. आता इतके वर्षं पाह्यलं का विधानसभेत माइक फेकते, कागद फाडते, बाहेर जाते. त्या दिवशी टीव्हीवर पाह्यलं तं दोन्हीकडचे बाकं वाजवून राहिले! सरकारवाल्यानं मांडला, विरोधीवाल्यानं म्हटलं, 'शिक्षा के मामले में राजनीति नहीं.' एका आवाजात मंजूर. मी टीव्हीपुढं उभी राहून टाळ्या वाजवल्या. एकटीनंच. दुसऱ्या दिवशी शाळेत पेढे नेले.

बाबा खाटेवर बसले होते. त्याइनं पेढा हातात घेतला, खाल्ला नाही. म्हणाले, "कायले नाचून राहिली?"

"बाबा, दोघंही एक झाले. शाळेसाठी."

"तेच म्हणतो. दोघं भांडते तोपर्यंत एक तरी आपल्याकडे येते विचारायले. दोघं एक झाले का मंग आपल्याले कोण विचारते?"

मले राग आला. म्हटलं, तुम्हाले प्रत्येक गोष्टीत वाईटच दिसते. म्हाताऱ्याची खोड आहे. बाबानं पेढा खाटेखालच्या वाटीत ठेवला.

कायद्यात होतं का शहरातल्या निवडक शाळा आदर्श करायच्या. साहेब लोक शाळा पाहत फिरले. आमच्या शाळेत आले तं थांबलेच. फरशी पाह्यली. भिंती पाह्यल्या. रोशनीनं कविता वाचून दाखवली. साहेबानं मोबाइलवर शूटिंग केली. "वाह! बना-बनाया स्कूल है," असं म्हणाले. बना-बनाया. मले कौतुक वाटलं त्या शब्दाचं. कोणी बनवला ते त्याइनं विचारलं नाही, अन् मीही हुरळून गेली, सांगतलं नाही. आमची शाळा पहिल्या नंबरावर निवडली.

चांगली केली म्हणून निवडली. हे ध्यानात ठेवा. उखडलेली राह्यली असती तं आजही आमची असती.

उद्घाटनाच्या आधी पोराइले नवे गणवेश आले. काय सांगू, पाऱ्यात दिवाळी! सुकवारानं रोशनीच्या ट्युनिकले खालून दाब घातला, म्हणजे पोरगी वाढली का उसवून लांब करता येईल. गरीबाच्या घरी कपडा असाच शिवते, पुढच्या वर्षासकट. लाल दोऱ्यानं शिवला, कारण निळा दोरा घरात नव्हता. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी संकुलाचे साहेब म्हणाले, "सारी ड्रेस जमा करवा दीजिए, प्रेस करके देंगे." आम्ही जमा केले. इस्त्री करून देतील म्हटलं तं आम्हाले काय, आणखी आनंद.

सकाळी शाळेत गेली तं फाटकापुढं पिवळी बस उभी. सदर बाजाराकडच्या एका मोठ्या इंग्रजी शाळेची. त्यातून पोरं उतरून राहिले. गोरेगोमटे, भांग पाडलेले. अन् अंगावर आमच्या पोराइचे गणवेश. काहीइले आखूड, काहीइले ढगळ. ते सरळ आमच्या वर्गात गेले अन् आमच्या जागेवर बसले.

मी साहेबाले विचारलं, "सर, ये क्या है?"

"मैडम, लाइव जा रहा है. मंत्री जी अंग्रेज़ी में दो सवाल पूछेंगे. आपके बच्चे जवाब देंगे क्या?"

"तो हमारे बच्चे?"

"शेड में बिठा दीजिए. नाश्ता भिजवा देंगे. बस आवाज़ नहीं आनी चाहिए."

शेड म्हणजे जिथं दुपारचं जेवण शिजते ते. तिले समोरून ताडपत्री लावून दोरीनं बांधली. आमचे पोरं आत. घरच्या कपड्यात. तोंडावर बोट ठेवून. आम्हीच शिकवतो नं ते, 'मुँह पर उँगली.' पहिल्या दिवशी शिकवतो. त्या दिवशी कामी आलं.

आता मी काहून गप राह्यली, हे तुम्ही विचारान. मीही स्वतःले विचारते. मले वाटलं, एक दिवसाचा तमाशा आहे. होऊ द्या. उद्यापासून शाळेले खोल्या मिळतील, संडास मिळेल, पोरीइले पाणी मिळेल. त्याच्यासाठी एक दिवस गिळून घेऊ. आपल्या लोकाइची सवयच आहे गिळायची. पोट भरत नाही, पण गिळत राहतो.

पाहुण्याइले ओवाळायसाठी ताट सजवलं होतं. ते मीच सजवलं. घरून पितळेचं ताट नेलं होतं, आईचं. ते घेऊन फाटकाकडे निघाली तं एक बाई समोर आल्या. रेशमी साडी, मोत्याची माळ. त्या इंग्रजी शाळेच्या उपप्राचार्या. हिंदीतच बोलत होतो आम्ही. तितक्यात माझ्या तोंडून निघालं, "अवं माय, निरांजन विझते का काय!"

त्या एकदम खुलल्या. "अगंबाई, तुम्ही मराठी? मग इतका वेळ हिंदीत काय बोलताय माझ्याशी!"

खरं सांगते, मलेही बरं वाटलं. रायपुरात परक्या माणसाच्या तोंडून मराठी आली का जीव थोडा हलका होते. इथल्या मराठी माणसाची ही रीतच आहे. भाषा ओळखली का हात धरते. त्याइनं माझा हात धरला.

"मला कुमुदताईच म्हणा. आमचं पुरानी बस्तीत घर. मराठ्यांचं राज्य होतं ना इथे, तेव्हापासून आहोत. तुमचं मूळ कुठलं?"

"भंडाऱ्याकडलं."

"वा! आणि आडनाव?"

ही दुसरी रीत. भाषेच्या मागून आडनाव विचारते. मी सांगतलं.

हसणं तसंच राह्यलं त्याइचं. फक्त हात सुटला. डोळे माझ्या तोंडावरून उतरून ताटावर आले. कुंकू, अक्षता, निरांजन, सारं पाह्यलं. मंग एकदम गोड आवाजात म्हणाल्या, "असं करूया का? ताट इकडे द्या. ओवाळायला आमच्या मुली आहेत, त्यांना सवय आहे. तुम्ही जरा जोड्यांकडे बघाल का? गर्दीत जोडे जातात हो. कोणीतरी जबाबदार माणूस हवं तिथे." अन् ताट माझ्या हातातून घेता घेता म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका हं."

शिवी देली असती तं बरं झालं असतं. शिवीले उत्तर देता येते. ह्याले काय उत्तर देता? माझ्या आईचं ताट, मी लावलेलं निरांजन, माझी शाळा. अन् माझ्याच भाषेत मले सांगतलं का तू इथं नाही, तिथं. हिंदीत कोणी बोललं असतं तं इतकं आत गेलं नसतं.

मी जाऊन उभी राह्यली. जोड्यापाशी.

कार्यक्रम सुरू झाला. दिवा लागला. वर्गातल्या पोराइनं इंग्रजीत उत्तरं देली, लोकाइनं टाळ्या वाजवल्या. मंग भाषणं. सरकारवाले नेते म्हणाले, ऐतिहासिक दिवस. विरोधीवाले म्हणाले, "हम विपक्ष में हैं, पर बच्चों के भविष्य पर हम और सरकार एक हैं." पुन्हा गळ्यात गळा. फोटो. मी खाली उभी राहून विचार करून राहिली, खोल्या कधी बांधतील, संडास कुठं काढतील.

मंग संकुलाच्या साहेबानं माइक घेतला, कायद्यात काय काय आहे ते वाचायले. ही शाळा आता इंग्रजी माध्यमाची आदर्श शाळा. प्रवेश परीक्षा घेऊन. शहरातल्या कोणत्याही भागातले हुशार पोरं इथं येऊ शकते. जिल्ह्यातली एक नामांकित खाजगी शाळा हिले दत्तक घेईल. कोणती, ते फाटकापुढच्या पिवळ्या बसवर लिहिलंच होतं.

अन् शेवटी एक वाक्य. घाईघाईनं. कागद घडी करता करता. "यहाँ के वर्तमान छात्रों को लाइन पार की शाला में समायोजित किया जाएगा."

समायोजित. टाळ्या वाजल्या.

लाइन पार म्हणजे काय ते तुम्हाले माहीत नाही. आमच्या पाऱ्यातून तिकडे जायले पूल नाही. मालगाड्या तासन् तास उभ्या राहते. पार जायचं तं डब्याखालून वाकून जा लागते. डबा कवा हलेल, कोणी सांगत नाही. माझ्या लहानपणी आमच्या क्वार्टरातला एक पोट्टा तसाच गेला. बाबानं उचलला होता त्याले. त्या पाऱ्यातली कोणतीही माय आपली पोरगी तिकडे पाठवणार नाही. हे मले माहीत होतं. साहेबालेही माहीत होतं.

म्हणजे शाळा सुधारली. फक्त त्यातून आमचे पोरं काढले.

  समोरच्या वर्गातली ती फरशी दिसली. तिच्या कडेचं फूल दिसलं. त्याच्यावरून लोक जोडे घालून चालून राहिले होते.

कार्यक्रम आटोपला. नेते पायरीपाशी आले. दोघंही बोलत बोलत, हसत. पांढऱ्या जोड्यावाल्यानं एका हातानं कोणाच्या तरी खांद्याचा आधार घेतला अन् पाय पुढं केला. माझ्याकडे पाह्यलंही नाही. पाय नुसता पुढं. जोडे दोन हात लांब होते.

संकुलाच्या साहेबानं मले खूण केली. "मैडम, जूते. इधर सरका दीजिए. दोनों के."

मी म्हटलं, "नहीं."

"क्या?"

"नहीं दूँगी. मैं यहाँ पढ़ाती हूँ."

आवाज काही मोठा नव्हता माझा. पण जवळच्याइले ऐकू गेलं.  पाय अधांतरी. कुमुदताई मागून धावत आल्या, हळूच मराठीत म्हणाल्या, "अहो, हे काय! पाहुणे आहेत. दोन मिनिटांचं काम!"

मी त्याइच्याकडे वळली. "तुमच्या मुली आहेत नं? त्याइले सवय आहे म्हणत होत्या. सांगा त्याइले."

त्याइचं तोंड लाल झालं. आता खरं वाईट वाटलं असेल.

जोडे कोणी उचलले म्हणता? आमच्या प्रधानपाठकानं. जानवं घातलेल्या माणसानं. जो माझ्या हातचं पाणी कधी प्याला नाही, 'उपवास है' म्हणे. आठवड्यातले सारेच दिवस उपवास! तो वाकला, दोन्ही हातात दोन जोडे घेतले अन् पायापुढं ठेवले. आधी पांढरा, मंग काळा.

मी ते पाहायले थांबली नाही. शेडकडे गेली अन् ताडपत्रीची दोरी सोडली. आत पोरं बसले होते. तोंडावर बोट. अजूनही! इतका वेळ! घामानं भिजलेले, नाश्ता आलाच नव्हता. मी म्हटलं, "उँगली हटाओ. चलो, अपनी क्लास में."

ते आले माझ्या मागं. मैदानातून, कॅमेऱ्यापुढून, पाहुण्यापुढून. फाटक्या फ्रॉकात, कोणी अनवाणी. वर्गात गेले अन् दारातच थांबले, कारण जागा भरलेल्या होत्या. रोशनी पुढं गेली. आपल्या जागेवर बसलेल्या पोरीपाशी उभी राह्यली. वाकून तिच्या ट्युनिकचा काठ हातात घेतला. लाल दोरा. "ये मेरी मम्मी ने सिला है," असं म्हणाली. भांडली नाही. नुसतं सांगतलं. ती बसमधून आलेली पोरगी रडायले लागली. तिचं तरी काय चुकलं होतं?

मी हजेरीचे नावं घेतले. पाठ आहेत मले. एक एक पोर उभं राहून 'उपस्थित' म्हणे. बाहेर गाड्या सुरू झाल्याचा आवाज आला. कॅमेरेवाले गेले. संध्याकाळी बाबा अन् मी टीव्ही पाह्यला. त्यात दिवा होता, इंग्रजी होती, गळ्यात गळा होता. आम्ही कुठंच नव्हतो. बाबा म्हणाले, "बरं केलं." इतकंच. आयुष्यात पहिल्यांदा मले बरं केलं म्हणाले.

आता तुम्हाले वाटेल का पुढं काही तरी झालं असेल. पारा पेटून उठला असेल. काही नाही झालं.

मले नोटीस आली. अनुशासनहीनता. मंग दूर जंगलाकडच्या एका शाळेत पाठवलं. पहाटेची बस धरून जाते, अंधार पडता पडता येते. तिथले पोरं गोड आहेत, त्याइचा काही दोष नाही.

मी गेली नं तक्रार घेऊन. आधी सरकारवाल्याच्या ऑफिसात गेली. म्हणाले, "बहन जी, यह अकेले हमारा फ़ैसला नहीं है. विपक्ष ने भी हाथ उठाया था." मंग विरोधीवाल्याकडे गेली. त्याइनं चहा पाजला. "क्या करें दीदी, हमने समर्थन दिया है. अब विरोध किस मुँह से करें?" पेपरवाल्याकडे गेली तं तो म्हणाला, यात बातमी काय, दोघांचं एकमत आहे. भांडण असतं तं छापलं असतं. बाबाचं बोलणं आठवलं. दोन दारं होते, अन् आतून एकाच कडीनं बंद होते.

पाऱ्यात गेली. म्हटलं, चला, फाटकापुढं बसू. ज्या हातानं फरशी टाकली ते हात घेऊन बसू. माणसं खाली पाहून राहिले. हमाली ठेकेदाराच्या हातात, ठेकेदार नेत्याच्या हातात. सुकवारा म्हणाली, "हव दीदी, तैं सही कहत हस. फेर हमन का करबो? काम छूट जाही." आम्ही काय करू, काम सुटेल. मी तिच्यावर रागावू शकली नाही. रागवायले तिनं माझं काय घेतलं होतं? तिनं तं देलंच होतं.

लाइन पारच्या शाळेत थोडे पोट्टे जाते. डब्याखालून. पोरी जात नाही. रोशनी आता आईबरोबर गोदाम झाडते. परवा दिसली. हातात झाडू, डोक्यावर गमछा, पापण्यावर भुसा. मी विचारलं, "पढ़ती है क्या कुछ?" तिनं मान हलवली. वाचता वाचता हलवे तशी नाही. आडवी.

अन् आमच्या शाळेले आता लोखंडी फाटक आहे. चौकीदार आहे. खोल्या झाल्या, संडास झाला, नळ झाला. सारं झालं, जे जे मी मागितलं होतं. पालकांच्या गाड्या उभ्या राहते, आमच्या पाऱ्यातल्या बायाइले चालायले जागा नसते. फूल काढलेली फरशी उखडून टाइल लावली म्हणते.

मागच्या महिन्यात कुमुदताई घरी आल्या. आमच्या घरी! बाबाले नमस्कार केला. पाणी देलं तं ओठाले लावून खाली ठेवलं. आता आमच्या शाळेचं काम त्याच पाहते. म्हणाल्या, "झालं गेलं विसरा. तुमच्यासारखी शिकवणारी बाई मिळत नाही हो. त्या दिवशीबद्दल नुसता खेद व्यक्त करा साहेबांकडे, मी तुमची बदली परत आपल्या शाळेत करून घेते. वरती दोन्हीकडे माझी ओळख आहे."

'आपल्या शाळेत' म्हणाल्या.

मी विचारलं, "अन् आमचे पोरं?"

"ते आता कायद्यात बसत नाहीत ना."

"मंग मीही नाही बसत."

त्या उठल्या. दारात आपल्या चपला घालता घालता थांबल्या, तेच गोड हसल्या, म्हणाल्या, "बघा बाई, वाईट वाटून घेऊ नका."

आता मी रविवारी जाते. ज्या वारी आमची रांग लागली होती, त्याच वारी. बंद फाटकापुढं उभी राहते अन् हजेरी घेते. मोठ्यानं. सारे नावं. कधी चार पोरं येते, कधी एकही नाही. नाही आले तरी नाव घेते. चौकीदार आधी हाकले, आता पाहत राहते. लोक म्हणते, बाई पागल झाली. भाऊ म्हणते, "दीदी, इससे क्या होगा?" काही नाही होणार. शाळा परत मिळणार नाही, हे मले पक्कं माहीत आहे. दोघाइनं मिळून घेतलेलं कोण परत देते?

पण त्याइनं आमचे नावं खोडले, अन् मी ते खोडू देणार नाही. नोकरी गेली तरी. गळ्यातून आवाज निघते तोपर्यंत. मागच्या रविवारी रोशनीचं नाव घेतलं तं कोणीच उत्तर देलं नाही. मी थांबली. पुन्हा घेतलं. येत्या रविवारी पुन्हा घेईन.

वाईट वाटून घेऊ नका म्हणाल्या होत्या. दोनदा म्हणाल्या. मी घेतलं. आता ते मी कोणाच्याही पायापुढं ठेवणार नाही.